दिरांनी आणलेला वॉकर बाळाला द्यावा का?

पत्र: आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. घर जुनं, चिऱ्याचं, एकत्र कुटुंब. माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. आधाराशिवाय छान बसतो, पोटावर सरकत खोलीभर फिरतो, पण गुडघ्यांवर अजून रांगत नाही. माझे दीर बोटीवर असतात. मागच्या खेपेला घरी आले तेव्हा त्यांनी बाळासाठी वॉकर आणला. त्यात गाणी वाजतात, दिवे लागतात. सासूबाई म्हणतात, माझी दोन्ही मुलं वॉकरमध्येच चालायला शिकली, तू कशाला घाबरतेस? शेजारणीची मुलगी याच्याच वयाची, ती वॉकरमधून घरभर पळते. त्यामुळे आमचाच मुलगा मागे पडलाय असं सगळ्यांना वाटू लागलंय, आणि कधी कधी मलाही. खरं सांगायचं तर त्याला वॉकरमध्ये बसवलं की पेज आणि हुमण (माशांची आमटी) करायला माझे हात मोकळे होतात. रोज अर्धा तास बसवते. पण परवा तो भर्रकन बल्कांवच्या (घरापुढच्या ओट्याच्या) पायऱ्यांपर्यंत गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. आता सासऱ्यांनी माळ्यावरचा जुना लाकडी पांगुळगाडा खाली काढलाय. म्हणतात, तो नको तर हा तरी दे. मी काय करू? — एक आई

ताई,

तुमच्या पोटात गोळा आला तो अगदी योग्य वेळी आला. वॉकर आजपासून बंद करा. रोज अर्धा तासही नको, आणि कोणी शेजारी बसून लक्ष ठेवणार असलं तरीही नको. लहान मुलांची फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. माझं उत्तर मी आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं तुम्हाला घरातल्या चार माणसांना समजावून सांगावं लागणार आहे.

आधी पायऱ्यांचं बोलू. वॉकरमधलं मूल एका सेकंदात मीटरभर अंतर सहज कापतं. आपल्याकडच्या जुन्या घरांची रचना तुम्हाला माहीत आहेच. बल्कांवला चार-पाच पायऱ्या, स्वयंपाकघरात उतरताना एक, मागच्या दारी न्हाणीकडे जाताना आणखी एक-दोन, आणि वाटेत उंबरठे. तुम्ही चुलीपाशी असाल आणि बाळ दारापाशी, तर ते तुम्हाला दिसेल, तुम्ही ओरडाल, पण तुमचा हात पोचणार नाही. अमेरिकेत १९९० ते २०१४ या पंचवीस वर्षांत वॉकरमुळे जखमी होऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आणलेल्या, पंधरा महिन्यांखालच्या मुलांची संख्या अंदाजे २ लाख ३० हजार होती. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांना डोक्याला किंवा मानेला मार लागला होता, आणि चारांतली जवळजवळ तीन मुलं वॉकरसकट जिन्यावरून कोसळलेली होती. अशा बहुतेक अपघातांच्या वेळी मोठं माणूस जवळपासच असतं, अनेकदा बघत असतं. म्हणून ‘लक्ष ठेवू’ हे उत्तर इथे पुरत नाही. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरसुद्धा बंदी घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ सालीच तशी बंदी मागितली होती. आपल्याकडे मात्र वॉकर कोणत्याही बाजारात टांगलेले दिसतात आणि बारशाला भेट म्हणून येतात.

‘आमच्या वॉकरला खाली ब्रेक आहे’ असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. काही वॉकरच्या तळाला रबरी पट्ट्या असतात. चाक पायरीवरून सुटलं की त्या जमिनीला घासून गाडी अडवतात. अमेरिकेत असे नियम सक्तीचे झाल्यावर अपघात कमी झाले, हे खरं आहे. पण थांबले नाहीत. आणि पावसाळ्यात आपल्या लाद्यांना कसा घाम फुटतो ते तुम्हाला सांगायला नको. ओल्या लादीवर रबराच्या पट्टीवर विसंबून मी कुणाचं बाळ सोडणार नाही.

पायऱ्या नसलेल्या सपाट फ्लॅटमध्येही माझं मत बदलत नाही, कारण वॉकरमुळे बाळाची उंची आणि पोच दोन्ही एकदम वाढतात. जमिनीवर सरकणाऱ्या बाळाच्या हाताला चमचा लागतो. वॉकरमध्ये उभ्या असलेल्या बाळाच्या हाताला टेबलाच्या कडेचा चहाचा कप लागतो, इस्त्रीची वायर लागते, उतरवून ठेवलेल्या पेजेच्या भांड्याचा कान लागतो. तुम्ही बाळाला वॉकरमध्ये ठेवता ते नेमकं स्वयंपाकाच्या वेळी, म्हणजे घरात सगळ्यात जास्त गरम वस्तू असतात तेव्हा. पुढे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येईल. समया पेटत्या असतील, दारं सताड उघडी असतील, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी असेल. त्या दिवसांत वॉकर घरात नसलेलाच बरा.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते. तो खोटा नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यांची मुलं वॉकरमध्ये बसली आणि पुढे चालली, हे दोन्ही खरं आहे. पण ती वॉकर नसता तरी चालली असतीच. मूल साधारण वर्षाच्या आसपास चालू लागतं, वॉकर आठव्या-नवव्या महिन्यात घरात येतो, आणि श्रेय वॉकरला मिळून जातं. संशोधन पाहिलं तर काही अभ्यासांत वॉकरवाल्या आणि बिनवॉकरच्या मुलांत फरक दिसला नाही, काहींत वॉकरवाली मुलं मागे राहिलेली दिसली. वॉकरने मूल लवकर चालतं याचा भरवशाचा पुरावा नाही. आयर्लंडमध्ये १९० मुलांवर केलेला एक अभ्यास २००२ साली छापून आला. त्यात वॉकरमध्ये घालवलेल्या एकूण दर चोवीस तासांमागे मूल स्वतःच्या पायांनी चालायला सरासरी ३.३ दिवस उशीर आणि आधाराशिवाय उभं राहायला ३.७ दिवस उशीर, असं दिसलं. रोजचा अर्धा तास धरला तर दीड-पावणेदोन महिन्यांत चोवीस तास भरतात. हा उशीर आयुष्यभर पुरणारा नाही, आणि आतापर्यंत तुम्ही बसवलंत त्याने बाळाचं काही कायमचं बिघडलेलं नाही. ती बोचणी मनातून काढून टाका. पण जी वस्तू चालणं शिकवते म्हणून घरात येते ती ते शिकवतच नाही, हे सासूबाईंना सांगण्यासारखं आहे.

का शिकवत नाही, ते बाळाकडे निरखून पाहिलंत तर तुमचं तुम्हालाच दिसेल. वॉकरमध्ये त्याचं बरंचसं वजन कापडी बैठकीवर असतं. तो टाचा टेकत नाही, चवड्यांनी जमीन मागे ढकलतो आणि गाडी पळते. त्यात पोटऱ्या काम करतात, मांड्या आणि कंबर मात्र फारशा नाहीत, आणि उभं राहून तोल धरायला तेच स्नायू लागतात. पुढच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. तो एका बाजूला कलला की कडं त्याला सावरतं, त्यामुळे कलल्यावर आपण काय करायचं हे त्याला शिकावंच लागत नाही. कमरेला ट्यूब बांधून तळीत तरंगणाऱ्या मुलाला पोहता येतं असं आपण म्हणत नाही, तसंच हे. शेजारणीची मुलगी घरभर पळते ती चाकांच्या जोरावर. तिला वॉकरमधून उचलून जमिनीवर ठेवलं तर ती आणि तुमचा मुलगा साधारण एकाच ठिकाणी असतील. उलट तुमचा पोटावर सरकतो आहे, म्हणजे खांदे, पाठ आणि कंबर रोज कामाला लावतो आहे.

‘मागे पडलाय’ हे वाक्य घरात येऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष छापले. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. त्यानुसार आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने, आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. एक मूल नवव्या महिन्यात चालेल, दुसरं सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही निरोगी. त्या अभ्यासातली शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, कोणी पोटावर सरकत, कोणी ढुंगणावर घसरत थेट उभं राहिलं. तुमचा मुलगा आठव्या महिन्यात बसतो आणि सरकतो, म्हणजे तो आपल्या वेळेवर आहे. तो दिवस भरायच्या आधी जन्मलेला असेल, तर मात्र वय मोजताना जितके आठवडे आधी आला तितके वजा करा.

मग त्याला काय द्यायचं? जमीन. घरातली एक खोली निवडा, जिथून पायरी सुरू होत नाही. बल्कांवकडच्या दारात सुताराकडून गुडघ्याएवढ्या उंचीची फळी बसवून घ्या, मोठ्यांना ओलांडता येईल आणि बाळाला चढता येणार नाही अशी, आणि रेटली तरी न हलणारी. पावसात लादी गार पडते म्हणून घरातले बाळाला खाली ठेवायला कचरतात. तेव्हा जाडशी चटई किंवा घट्ट शिवलेली गोधडी अंथरा. फोमची मऊ गादी नको, तिच्यात हात-गुडघे रुततात आणि बाळाला रेटा मिळत नाही. जमीन कोरडी पुसलेली असू द्या, पाय उघडे असू द्या. बूट-मोजे घरात नकोतच, अनवाणी पायाला जमीन कळते आणि बोटं पकड घेतात.

खेळणं त्याच्या हातापासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे तो पुढे झेपावेल. थोडे दिवस गेले की तेच खेळणं बाकावर किंवा खाटेच्या कडेला ठेवा. तो एक दिवस कड धरून उभा राहील. मग रडेल, कारण खाली कसं बसायचं ते त्याला कळणार नाही. तेव्हा लगेच उचलून घेऊ नका. गुडघे हलकेच वाकवून त्याला खाली बसायला दाखवा. उभं राहण्याइतकंच वाकून खाली येणं महत्त्वाचं आहे, आणि घराघरांत नेमका हाच भाग सुटतो, असं मी पाहते. त्यानंतर तो खाटेची कड धरून बाजूबाजूने सरकू लागेल. ही बाजूची पावलं कमरेच्या बाहेरच्या स्नायूंना तयार करतात, त्यांच्याशिवाय एका पायावर क्षणभर तोल धरता येत नाही, आणि चालणं म्हणजे आळीपाळीने एकेका पायावर उभं राहणंच. दोन्ही हात वर धरून त्याला चालवायची घाई करू नका. हात धरायचेच असतील तर त्याच्या खांद्याच्या खाली धरा, किंवा कंबरेला आधार द्या.

पडेल. पडू द्या, खाली चटई आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. बुटकं मूल स्वतःच्या उंचीवरून ढुंगणावर पडतं आणि त्यातून शिकतं. बल्कांवच्या पायऱ्यांवरून वॉकरसकट पडणं वेगळं.

आता तुमच्या मोकळ्या हातांबद्दल. हा मुद्दा तुम्ही ‘खरं सांगायचं तर’ म्हणत, जरा संकोचून लिहिलात. संकोचू नका. माझ्या मते अर्ध्या घरांत वॉकर बाळाच्या चालण्यासाठी नसतोच, आईच्या स्वयंपाकासाठी असतो, आणि आई एकटीच बाळ आणि चूल दोन्ही सांभाळत असेल तर तो दोष तिचा नाही. एकत्र कुटुंब आहे म्हणता, तर स्वयंपाकाचा अर्धा तास आजी-आजोबांचा ठरवून टाका. ‘बघा हं जरा’ असं मोघम नको. ‘अकरा ते साडेअकरा बाळ तुमच्याकडे’ असं सांगा. बाळाचे बाबा सकाळी किंवा संध्याकाळी घरी असतील, तर एक वेळचा अर्धा तास त्यांचा. कोणीच नसेल तेव्हा चारी बाजूंनी बंद होणारं प्लेपेन कामाला येतं. चाकं नसलेलं, तळाशी घट्ट चटई घातलेलं. त्यात बाळ बसेल, लोळेल, कठडा धरून उभंही राहील आणि तुमच्या नजरेसमोर असेल. दिरांना पुन्हा काही आणायचं असेल तर हे सुचवा. उंच खुर्चीत पट्टा लावून पंधरा-वीस मिनिटं बसवलंत आणि पुढे गाजराचा मऊ उकडलेला तुकडा दिलात, तरी हुमणाला फोडणी होऊन जाईल. खुर्ची चुलीपासून लांब ठेवा आणि तो खात असताना नजर त्याच्यावर असू द्या.

सासऱ्यांचा पांगुळगाडा मला आवडला. वॉकरपेक्षा तो फार वेगळा आहे. त्यात बाळ बसत नाही, मागे उभं राहून त्याला ढकलतं. वजन त्याच्या स्वतःच्या पायांवर असतं, टाचा टेकलेल्या असतात, पाय दिसतात, आणि तोल गेला तर तो त्यालाच सावरावा लागतो. पण आठव्या महिन्यात तो द्यायचा नाही. बाळ स्वतःहून कड धरून उभं राहू लागलं, बाजूला पावलं टाकू लागलं आणि न कोसळता खाली बसू लागलं, की मग. तोपर्यंत सासऱ्यांना त्याच्या डागडुजीचं काम द्या. खिळे वर आलेले नाहीत ना, लाकडाच्या ढलप्या निघत नाहीत ना, चाकं एकसारखी फिरतात ना, हे बघायला हवं. जुना ऑइलपेंट असेल तर पोपडे बाळाच्या तोंडात जातात आणि त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. घरी घासायला गेलं तर त्याची धूळ उडते. तो रंग सुताराकडून बाळापासून दूर, ओलवून काढून घ्या आणि नवा द्यायचा तर खेळण्यांसाठीचा बिनशिशाचा द्या, किंवा लाकूड तसंच गुळगुळीत ठेवा. गाडा हलका असेल तर बाळ पुढे रेटताच तो सटकतो आणि बाळ तोंडावर पडतं. म्हणून त्याच्या खालच्या दांड्यावर दोन-तीन किलो वजनाची पिशवी घट्ट बांधा. सपाट जमीन, दारं बंद, आणि आजोबा शेजारी चालत असतील तेव्हाच.

वॉकरचं काय? शेजारी देऊ नका आणि विकूही नका, नाहीतर तो दुसऱ्या पायरीवरून दुसऱ्या बाळाला घेऊन पडेल. बहुतेक वॉकरचा गाणी-दिव्यांचा ट्रे सुटा निघतो. तो काढून, बॅटरीचं झाकण स्क्रूने पक्कं बसलंय ना ते तपासून, चटईवर खेळायला द्या. दिरांनी प्रेमाने आणलेली वस्तू फुकट गेली असं कुणाला वाटणार नाही. बाकीचा सांगाडा चाकं काढून भंगारात.

सासूबाईंशी एकट्याने वाद घालू नका. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या लसीसाठी तुम्ही आरोग्य केंद्रात जालच. त्या दिवशी त्यांनाही सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा, ‘वॉकर द्यावा का?’ सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांत केवढा फरक पडतो ते तुम्ही जाणता. माता-बाल कार्डही घेऊन जा. बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवं हे त्यात चित्रांसकट असतं. ते सासूबाईंना दाखवायला उपयोगी पडेल.

त्याच भेटीत डॉक्टरांना त्याच्या हालचालीही पाहू द्या. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचा झाला तरी धरून उभं केल्यावर पायांवर भार घेत नसेल, अठरा महिने झाले तरी चालत नसेल, एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, पाय फार ताठ किंवा फार सैल वाटत असतील, किंवा आधी जमणारी गोष्ट करेनासा झाला असेल, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर ते गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिल्हा इस्पितळात पुढची तपासणी सुचवतील. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण मला दिसलं नाही.

आणि कधी डोक्यावर पडलाच, वॉकरमुळे असो वा खाटेवरून, तर उलट्या, गुंगी, न थांबणारं रडणं, आचके, कानानाकातून पाणी किंवा रक्त, डोक्याला मऊ सूज यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा. ‘झोपला की बरा होईल’ म्हणून वाट पाहू नका.

दारातली फळी मात्र याच आठवड्यात बसवून घ्या. तो पोटावर सरकतच पायऱ्यांपर्यंत पोचायला आता फार दिवस लागणार नाहीत. आणि लसीच्या दिवशी सासूबाई काय म्हणाल्या, ते मला जरूर कळवा.